पानाच्या आत चालणारी नागअळी
मुरारच्या मोहरी-वाटाण्यावरील पांढऱ्या रेघा आणि त्यांमागची इवलीशी माशी

डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की ग्वाल्हेरच्या शिवारावर सकाळी उशिरापर्यंत धुके रेंगाळू लागते. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, शिंद्यांच्या फौजेच्या तळातून वसलेले लष्कर आणि इंग्रजी छावणीतून वाढलेले मुरार अशी या शहराची तीन जुनी अंगे. मराठी वाचकाला मुरार ठाऊक असते ते १८५८ च्या जूनमधील लढाईमुळे. मात्र कृषिशास्त्राच्या नकाशावर हा मुलूख 'गिर्द' या नावाने ओळखला जाणारा रब्बीचा पट्टा आहे. मुरारची वस्ती सरली की मोहरी आणि वाटाण्याची शेते लागतात. धुके विरून तिरपे ऊन पडले म्हणजे मोहरीच्या खालच्या पानांवर पांढुरक्या नागमोडी रेघा उठून दिसतात. एखाद्या लहान मुलाने खडूने गिरगटावे तशा त्या पानभर फिरलेल्या असतात.

या रेघा दिसल्या की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो फवारणीचा. औषधाच्या दुकानात पान दाखवायचे, दुकानदार देईल ती बाटली घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीला लावायचा, हा क्रम ग्वाल्हेरलाही आहे आणि गोव्यालाही. पण त्याच वेळी मोहरी फुलावर आलेली असते, तिच्यावर मधमाशा घोंगावत असतात, आणि शेजारच्या वाफ्यातील वाटाण्याच्या हिरव्या शेंगा आठ-पंधरा दिवसांत बाजारात जायच्या असतात. म्हणून पानावरची ती रेघ नेमकी कोणाची, तो जीव आत अजून आहे की केव्हाच निघून गेला, आणि मुळात त्याने पिकाचे किती बिघडवले, हे प्रश्न केवळ कीटकशास्त्रज्ञांचे राहत नाहीत.

मराठी शेतकरी या किडीला नागअळी म्हणतो. हिंदी पट्ट्यातील कृषिपुस्तिकांत ती 'पर्णसुरंगक' म्हणून येते. दोन्ही नावे चपखल आहेत. एकाने रेघेचा आकार सांगितला, दुसऱ्याने ती रेघ कशी पडते ते सांगितले. मात्र अळी हे तिचे बालरूप. मोठेपणी ती माशी होते. घरातल्या माशीच्या मानाने अगदीच चिमुकली, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लांबीची. मोहरी आणि वाटाण्यावरील या माशीचे शास्त्रीय नाव फायटोमायझा हॉर्टिकोला. अनेक पुस्तकांत ती अजूनही क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला या नावाने सापडते. ॲग्रोमायझिडी या कुळात जगभरात तीन हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्या सगळ्याच पाने पोखरीत नाहीत. मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनची खोडमाशी आणि तुरीच्या शेंगेत शिरणारी शेंगमाशी याच कुळातल्या. कोणी पान धरले, कोणी खोड, कोणी शेंग. वनस्पतीच्या आत राहून तिच्यावर जगणे हा मात्र सर्वांचा कुळाचार.

कर्नलसाहेबांची माशी

या माशीचे नामकरण १८५१ साली झाले. ते करणारा क्लोद-शार्ल गुरो हा फ्रेंच लष्करातील अधिकारी. त्या सुमारास मुरारला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ग्वाल्हेर पलटणीची छावणी होती, आणि तिकडे फ्रान्समध्ये एक लष्करी गृहस्थ पानांत सुरुंग खणणाऱ्या किड्यांचे वर्णन लिहीत होता. योगायोगच तो, पण मोठा गमतीचा.

गुरोचे नाव मात्र पुढे शंभरहून अधिक वर्षे बाजूला पडले. त्याच्याही आधी, १८३८ मध्ये, जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म मायगेन याने फायटोमायझा ॲट्रिकॉर्निस असे नाव दिले होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'काळ्या शिंगांची'. शिंगे म्हणजे शृंगिका, आणि त्या या माशीच्या खरोखरच काळ्या असतात. हेच नाव सर्वत्र रूढ झाले. भारतातील जुन्या शेतकी ग्रंथांत वाटाण्याची नागअळी याच नावाने भेटते. १९६७ साली ग्रॅहॅम ग्रिफिथ्स यांनी या माशांची बारकाईने छाननी केली, तेव्हा एका नावाखाली दोन निरनिराळ्या जाती नांदत असल्याचे उघड झाले. एक सिंजेनेसी, जी मुख्यतः शेवंतीच्या कुळावर जगते, आणि दुसरी गुरोची हॉर्टिकोला, जी वाटाणा, मोहरी आणि इतर असंख्य झाडांवर आढळते. वरून पाहता दोघी जुळ्या बहिणींसारख्या. त्यांतला फरक नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तरच कळतो. आशियातील माशी ही हॉर्टिकोला असल्याने मुरारच्या वाटाण्यावरचे नावही बदलले. एवढ्यानेही फेरफार थांबले नाहीत. २००९ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे झालेल्या अभ्यासाने क्रोमॅटोमाया हा वेगळा गट फायटोमायझातच विलीन करावा असे सुचवले. म्हणून एकाच माशीची तीन नावे तीन पिढ्यांच्या पुस्तकांत आढळतात. कृषी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांचा यात जो गोंधळ उडतो, त्यात त्या मुलांचा दोष थोडाच.

माशीचे अंग

माशी एवढी लहान की नुसत्या डोळ्यांना ती करड्या ठिपक्यासारखी दिसते. दहापट मोठे करून दाखवणारे भिंग घेतले की तिचे रूप कळू लागते. डोके पिवळसर, कपाळही पिवळे, त्यावर दोन काळ्या शृंगिका. छातीचा भाग राखाडी, त्यावर राख भुरभुरल्यासारखा मंद थर. पाय काळसर, पण गुडघ्यांपाशी पिवळे. पंख एकच जोडी, कारण सर्व माशांप्रमाणे मागची जोडी आक्रसून तिचे दोन इवले गुंडीसारखे संतुलक झालेले असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. पंखांवरच्या शिरांची मांडणी हे जाणकाराचे ओळखपत्र. पंखाच्या बाहेरच्या भागातील आडवी शीर या माशीला नसते, तर टोमॅटोवरच्या नागअळीच्या माशीला ती असते. डोळ्यांच्या कडेची बारीक लव पुढच्या बाजूला झुकलेली असणे, ही तिच्या प्रजातीची आणखी एक खूण.

मादीच्या पोटाच्या शेवटाला काळी, चकचकीत, निमुळती नळी असते. हाच तिचा अंडनिक्षेपक. त्याच्या आत कानसेसारखे बारीक दाते असतात. पानावर बसून मादी पोट वाकवते, ही नळी पानाच्या त्वचेत खुपसते आणि आतल्या पेशी खरवडते. मग ती मागे सरकते, वळते आणि त्या छिद्रातून पाझरणारा रस चाटते. फायटोमायझा या ग्रीक शब्दाचा अर्थच 'वनस्पती चोखणारी' असा आहे. अशी अनेक छिद्रे ती पाडते. त्यांतील बहुतेक केवळ खाण्यासाठी असतात, आणि थोड्यांतच ती एकेक अंडे ठेवते. नराजवळ हे हत्यार नसते, त्यामुळे मादीने पाडलेल्या छिद्रांतून जे मिळेल त्यावर त्याला भागवावे लागते. पानांवर रेघा उमटण्याच्या आधी जे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात, ते या छिद्रांचेच. ठिपके दिसले म्हणजे माशी येऊन गेली, रेघा यायच्या आहेत, असे समजावे.

अंडे पानाच्या आतच असल्याने त्याला ऊन, वारा, मुंग्या यांची भीती नाही. दोन-तीन दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते; खरे तर ती बाहेर पडतच नाही, आतल्या आत चालू लागते. अळीला पाय नाहीत, डोळे नाहीत, धड डोकेही नाही. अंगाच्या पुढच्या टोकाला आत ओढून घेता येणारे काळे मुखांकुश तेवढे असतात. पानाची वरची त्वचा आणि खालची त्वचा यांच्यामधील जागा कागदाच्या दोन थरांतील फटीएवढी. त्या फटीत अळी कुशीवर आडवी पडते आणि मुखांकुश विळ्यासारखे डावी-उजवीकडे फिरवत समोरचा हिरवा गर कापीत जाते. गवत कापणारा माणूस जसा आपल्या समोरच्या अर्धवर्तुळात विळा फिरवतो आणि मग एक पाऊल पुढे सरकतो, तसेच हे. कापलेला गर गिळला जातो, मागे पोकळी उरते, तीत हवा शिरते, आणि हरितद्रव्य नाहीसे झाल्याने ती पोकळी बाहेरून पांढरी दिसते. नागअळीची रेघ ती हीच.

ही रेघ वाचता येते. जिथे ती केसाएवढी बारीक, तिथे अळीचा जन्म झाला. अळी कात टाकून मोठी होत जाते तसतशी रेघ रुंद होते, आणि जिथे ती सर्वांत रुंद, तिथे एक तर अळी बसलेली असते किंवा तिचा कोष. रेघेत मधूनमधून काळे सुटे कण दिसतात, ती अळीची विष्ठा. एखादी रेघ मध्येच, बारीक असतानाच संपलेली दिसली तर समजावे की अळीचे तिथे काहीतरी बरेवाईट झाले.

श्वासाची सोयही पाहण्यासारखी. अंडे फोडून निघालेल्या अळीला अंगाच्या मागच्या टोकाला श्वसनरंध्रांची एकच जोडी असते. कात टाकल्यावर पुढच्या बाजूलाही एक जोडी येते. पूर्ण वाढ झाली की हॉर्टिकोलाची अळी पान सोडून जात नाही. रेघेच्या शेवटी, बहुधा पानाच्या खालच्या अंगाला, ती थांबते. तिची शेवटची कात कडक होऊन चपट्या होडीच्या आकाराचा कोष बनतो, आणि कोषाची पुढची दोन श्वसनरंध्रे पानाची त्वचा भेदून बाहेर डोकावतात. पान उलटे करून भिंगाखाली धरले तर दोन सूक्ष्म टोके दिसतात. घर बंद करून आत झोपलेल्याने दोन नळ्या बाहेर काढून ठेवाव्यात, तसा हा प्रकार. माशीची जात ओळखायला सामान्य शेतकऱ्याला याहून सोपी खूण नाही.

कोषातून बाहेर यायचे तर कडक आवरण फोडायला हवे, आणि माशीजवळ ना दात ना नखे. त्यासाठी तिच्या कपाळात एक पिशवी असते. अंगातील द्रव दाबाने त्या पिशवीत भरून ती फुग्यासारखी फुगते आणि कोषाचे टोक ढकलून उघडते. माशी बाहेर पडली की पिशवी आत ओढली जाते ती कायमचीच. शृंगिकांच्या वर कमानीसारखी एक चीर तेवढी जन्मभर उरते.

हवामान मानवले तर अंड्यापासून माशीपर्यंतचा हा सारा प्रवास दोन आठवड्यांच्या आत-बाहेर आटोपतो. जानेवारीच्या कडाक्यात तो रेंगाळतो आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागले की वेग घेतो. उत्तर भारतात डिसेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत अशा अनेक पिढ्या होतात. वाटाण्याच्या उशिरा पेरलेल्या शेतात रेघांची दाटी अधिक का दिसते, याचे उत्तर या गणितात आहे.

आज मोहरी, उद्या जवस

या कुळातील बहुतेक माशा खाण्याच्या बाबतीत कमालीच्या सोवळ्या. एखादी जात एकाच वनस्पतीवर, फार तर तिच्या सख्ख्या-चुलत नात्यातील झाडांवर जगते. याला कारण आहे. प्रत्येक वनस्पतिकुळाने आपल्या पानांत संरक्षणासाठी वेगवेगळी रसायने साठवलेली असतात. मोहरीचे पान चुरगाळले की नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो अशाच गंधकयुक्त रसायनांचा. वाटाण्याच्या पानात तो नाही, तिथे दुसरेच काही आहे. एका कुळाची रसायने पचवायला शिकलेला किडा सहसा दुसऱ्याच्या दारी जात नाही. सर्वभक्षी म्हणता येतील अशा जाती या तीन हजारांत फारच थोड्या, आणि हॉर्टिकोला त्यांतली एक. तीसहून अधिक वनस्पतिकुळांत तिची नोंद झाली आहे.

तरी तिचीही आवडनिवड आहे. मोहरीचे कुळ, शेंगावर्गीयांचे कुळ आणि सूर्यफुलाचे कुळ ही तिची तीन मोठी बिऱ्हाडे. मुरारच्या शिवारात पहिल्या कुळात मोहरी, मुळा, सलगम, फुलकोबी, पानकोबी येतात. दुसऱ्यात वाटाणा. तिसऱ्यात शेवंतीसारखी फुले आणि बांधावर वाढणारे सॉन्कससारखे दुधी चिकाचे तण. या तिन्हींच्या बाहेर जवस आणि बटाटाही तिला चालतो. उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांच्या बंगल्यांत हिवाळी फुलांचे वाफे लावण्याची जुनी रीत आहे, आणि त्या वाफ्यांतील डॉग फ्लॉवर व नॅस्टर्शियम ही दोन्ही फुलझाडे तिच्या यादीत आहेत. म्हणजे शेतातील वाटाणा निघाला म्हणून माशी उपाशी मरत नाही. बांधावरचे तण, परसातला मुळा, कुंडीतील फूल यांपैकी कशावर तरी ती तग धरते. शेत स्वच्छ आणि बांध मात्र तणांनी भरलेला, असा कारभार असेल तर किडीला हंगामाच्या दोन्ही टोकांना आसरा मिळतो.

पानांत घर करण्याची ही विद्या नवी नव्हे. अमेरिकेतील मोंटाना येथे सहा कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडलेल्या पानांच्या जीवाश्मांवर अशाच नागमोडी रेघा उमटलेल्या आहेत, आणि त्या याच कुळातील माशांच्या अळ्यांच्या असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. डायनासोर नुकतेच नाहीसे झाले होते; नागअळी होती.

गोव्याची नागअळी निराळी

गोव्यात पावसाळी भात निघाल्यावर वायंगणाच्या शेतांत जी भाजी लावली जाते, तिच्यावरही पांढऱ्या रेघा दिसतात. टोमॅटो, चवळी, वाल, भेंडी, काकडी, दोडकी, झेंडू यांपैकी काहीही त्यातून सुटत नाही. परंतु ही माशी मुरारची नव्हे. ती लिरिओमायझा ट्रायफोलाय, अमेरिकेतून आलेली. १८८० साली तिचे पहिले वर्णन झाले. पुढे शेवंतीच्या रोपांच्या जागतिक व्यापाराबरोबर ती खंडोखंडी पसरली. भारतात तिचे आगमन १९९० च्या दशकाच्या आरंभी झाले. हैदराबाद परिसरात एरंडीवर ती प्रथम नजरेस आली आणि काही वर्षांतच देशभर भाजीपाल्यात बस्तान बसवून मोकळी झाली. आज मराठी शेतकरी टोमॅटोवरील नागअळी म्हणतो तेव्हा बहुधा तो या परदेशी पाहुणीबद्दलच बोलत असतो.

दोघींतील भेद डोळ्यांनी ओळखता येतो. अमेरिकन माशी काळी-पिवळी, पाठीवर ठसठशीत पिवळा ठिपका असलेली. मुरारची करडी. अमेरिकन अळी गडद पिवळी, मुरारची पांढुरकी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अमेरिकन अळी पूर्ण वाढली की पानाला अर्धगोल चीर पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते आणि मातीत कोष करते. उपाय इथेच वेगळे होतात. मोहरी-वाटाण्याची रेघाळलेली खालची पाने तोडून नष्ट केली तर त्यांतील कोषही नष्ट होतात. टोमॅटोची तशीच पाने तोडली तर पुष्कळदा रिकामे घर जाळल्यासारखे होते, कारण रहिवासी कधीच मातीत गेलेला असतो.

गैरसमजाला आणखीही जागा आहे. काजूच्या कोवळ्या पालवीवर जे पांढुरके फोड येतात, तेही पान पोखरणाऱ्या किडीमुळेच, पण तो किडा माशी नसून पतंगवर्गातला. लिंबाच्या पानांवरील चंदेरी रेघाही पतंगाच्या अळीच्याच. २०१४ मध्ये महाराष्ट्रात टोमॅटोवर प्रथम आढळलेला टुटा ॲब्सोल्युटा हाही पतंगच. त्याच्या अळीला डोके असते, पाय असतात, ती पानावर रेघ न काढता मोठाले डाग पाडते आणि फळातही शिरते. तिच्यावर जे चालते ते नागअळीवर चालेलच असे नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था किंवा विभागीय कृषी कार्यालय यांना रेघाळलेले पान नेऊन दाखवणे, हे दुकानदाराला दाखवण्यापेक्षा केव्हाही बरे.

फवारणीचा हिशेब

नागअळीने नुकसान होते, यात वाद नाही. हिरवा गर गेला की पानाची अन्न तयार करण्याची ताकद कमी होते, आणि छिद्रांतून रोगजंतूंना वाट मिळते. रोप लहान असताना किंवा वाटाण्याला फुले-शेंगा धरण्याच्या वेळी रेघांची दाटी झाली तर उत्पन्न घटते. मोहरीत मात्र गोष्ट बरीचशी वेगळी. तिथे किडीचा भर खालच्या, जुन्या पानांवर असतो आणि ती पाने पीक पिकता पिकता गळूनच जातात. दाणे भरण्याच्या काळात हिरव्या शेंगा स्वतःच अन्न तयार करतात. मोहरीचा खरा वैरी मावा. तो शेंड्यावर आणि फुलोऱ्यावर बसतो. मावा नसताना केवळ खालच्या पानांवरील रेघा पाहून मोहरीवर औषध मारणे म्हणजे खर्चही वाया आणि भलत्याचाच बळी.

तो भलता कोण, हे कळण्यासाठी रेघाळलेली दहा-वीस पाने तोडून उजेडासमोर धरावीत. काही रेघांच्या टोकाला जिवंत, हलणारी अळी दिसेल. काहींत काळी पडलेली, सुरकुतलेली. ही काळी अळी परोपजीवी गांधीलमाशीच्या कामाची साक्ष आहे. डिग्लायफस नावाची ही गांधीलमाशी नागअळीहूनही लहान. पानावर चालताना शृंगिका टेकवीत ती आतल्या अळीचा माग काढते, पानातून नांगी खुपसून तिला लुळी करते आणि शेजारी आपले अंडे ठेवते. त्या अंड्यातून निघणारे पिल्लू लुळ्या अळीला खाऊन वाढते. काही अळ्या गांधीलमाशी स्वतःच्या भुकेपोटीही मारते. अशा अनेक जाती भारतातील शेतांत आहेत आणि फुकट राबत आहेत.

आता बहुतेक स्वस्त कीटकनाशके स्पर्शाने मारणारी. पानाच्या दोन त्वचांमध्ये बसलेल्या अळीला ती शिवत नाहीत. पानावर उघड्यावर फिरणाऱ्या गांधीलमाशीला मात्र ती तत्काळ मारतात. मग पुढच्या पिढीतील नागअळ्यांना वैरी उरत नाही आणि फवारलेल्या शेतातच रेघा दुप्पट दिसू लागतात. अमेरिकन नागअळीच्या बाबतीत हा अनुभव जगभर आला. तिच्या काही वंशांनी अनेक औषधे पचवायलाही घेतली. शेतकऱ्याला वाटते की औषध कमी पडले, म्हणून तो आणखी मारतो. कोणाच्या तरी गल्ल्यात त्याने भर पडते, एवढे खरे.

मुरेना, भिंड, ग्वाल्हेर या पट्ट्यात मोहरीच्या फुलोऱ्याच्या दिवसांत मधपाळ पेट्या आणून ठेवतात. मुरेन्याच्या मधाला बाजारात नाव आहे. भर दुपारी फुललेल्या मोहरीवर औषध पडले तर पेटीकडे परतणाऱ्या माशांची संख्या त्याच संध्याकाळी घटलेली दिसते. फवारणी टाळता येणारच नसेल तर ती सूर्य कलल्यावर, माशा पेटीत परतल्यावर करावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात ते त्यासाठी. नागअळीसाठी त्यांचा सल्ला आधी साध्या उपायांचा असतो. वेळेवर पेरणी, बांधावरचे तण काढणे, रेघाळलेली खालची पाने तोडणे, पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. त्यावरही भागले नाही तरच पानात झिरपणारे शिफारशीचे औषध, आणि ते मारल्यावर शेंगा तोडण्यापूर्वी लेबलावर लिहिलेले दिवस जाऊ देणे. ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विश्वविद्यालय २००८ पासून आहे, तर मोहरीवरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र तिथून फार दूर नसलेल्या भरतपूरजवळ सेवर येथे. ज्ञानाची वाण नाही. ते शेताच्या बांधापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेत औषधाचे दुकान लागते, अडचण तेवढीच आहे.

राहता राहिला स्वयंपाकघरातला प्रश्न. बाजारातून आणलेल्या मोहरीच्या, मुळ्याच्या किंवा चवळीच्या पाल्यावर अशा रेघा दिसल्या तर तो टाकून द्यावा का? नागअळी माणसाला अपाय करीत नाही. रेघाळलेली पाने खुडून बाजूला काढली आणि उरलेली नीट धुतली की भाजीला काही होत नाही. बेदाग, चकचकीत पाल्याची जुडी कशाने बेदाग राहिली, हे विक्रेत्याला विचारायला मात्र हरकत नाही.

मार्चमध्ये मुरारची मोहरी कापली जाते, एप्रिलमध्ये वारा तापतो, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो आणि करड्या माशा दिसेनाशा होतात. पाठ्यपुस्तकांच्या मते उरलेले महिने त्या कोषावस्थेत, मातीत काढतात. रब्बीचे पीक पुन्हा हातभर उंच झाले की डिसेंबरात पानांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उमटतात.